सुंदरबन एका दिवसात करायचंय? मग आधी ओहोटीची वेळ बघा

कोलकात्याला आपली मंडळी कधी ऑफिसच्या कामाला जातात, कधी लग्नाला, कधी दुर्गापूजा बघायला, आणि मधला एक दिवस मोकळा निघाला की कोणीतरी म्हणतंच, चला सुंदरबन करून येऊ. होतं का एका दिवसात? होतं. पण दमायला होतं, आणि प्लॅन चुकला तर सहा तास गाडीत आणि चार तास तपकिरी पाण्याकडे बघण्यात जातात. माझी पहिली ट्रिप अशीच गेली. टूरवाल्याने कागदावर सगळं लिहून दिलं होतं, तीन वॉचटॉवर, कॅनोपी वॉक, पाच नद्यांचा संगम, गोसाब्यातलं टागोरांचं घर, आणि आम्ही मूर्खासारखे खूश झालो. प्रत्यक्षात जेट्टीवर पोचलो साडेनऊला, गोसाब्याच्या बाजारात तासभर रमलो, तोवर भरती लागली, मग बोट उलट्या प्रवाहात रांगत रांगत सजनेखालीच्या वॉचटॉवरला गेली आणि पोचलो तेव्हा काठावरचा सगळा चिखल पाण्याखाली. जे काय बघायचं असतं ते त्या चिखलावरच असतं हे तेव्हा माहीत नव्हतं.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा फक्त एक गोष्ट बदलली, तारीख ओहोटी बघून ठरवली. म्हणून हे सगळं त्याच क्रमाने सांगतो, गाडी-बोट-जेवण नंतर, आधी पाणी.

तारीख कशी ठरवायची

सुंदरबनात दिवसाला दोन भरत्या आणि दोन ओहोट्या, म्हणजे साधारण सहा तास पाणी चढतं, सहा तास उतरतं, आणि रोज ही वेळ पाऊण-एक तासाने पुढे सरकते. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको. पण एक सावध करतो, आपल्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा आहे, तो बंगालच्या उपसागराला लावू नका, चुकेल. टाइड टेबलच्या साइटवर सागर बेट किंवा डायमंड हार्बर टाका, तारीख टाका, वेळ मिळते. आत खाड्यांमध्ये पाणी पोचायला थोडा उशीर लागतो, तेव्हा ती वेळ अंदाजाने घ्या आणि नक्की काय ते बोटवाल्याला फोनवर विचारा. भरतीला बंगालीत जोआर म्हणतात, ओहोटीला भाटा. "भाटा कखोन?" म्हणजे ओहोटी कधी, एवढं विचारलंत तरी समोरचा माणूस तुमच्याशी वेगळ्या पद्धतीने बोलायला लागतो, हा माझा अनुभव.

आता कोणती वेळ चांगली? बोटी जिथून सुटतात त्या गोदखालीच्या जेट्टीवरून जंगलाकडे जाणं म्हणजे दक्षिणेला, समुद्राच्या दिशेने जाणं. म्हणजे सकाळी आठ-साडेआठच्या सुमारास भरती पूर्ण झालेली असेल तर तुम्ही निघता तेव्हा पाणी उतरायला लागलेलं असतं, बोट प्रवाहाबरोबर पटापट जाते, दुपारी दोनच्या आसपास पूर्ण ओहोटी, काठ उघडे, मगरी उन्हाला आलेल्या, आणि परत यायला निघालात की भरती सुरू, म्हणजे परतीलाही पाणी तुमच्याच बाजूने. असा दिवस मिळाला तर सोडू नका. दर पंधरवड्यात असे दोन-तीन दिवस येतात. अगदी तसाच नाही मिळाला तरी दहा ते तीन या वेळात कधीतरी पाणी उतरलेलं असेल एवढं बघा. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी चार-पाच मीटरने वरखाली होतं, चिखल खूप उघडा पडतो, पण ओढही जोरात असते. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत सगळं सौम्य.

महिन्यांचं म्हणाल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही डिसेंबर अखेर ते जानेवारी मध्यापर्यंत सकाळी इतकं दाट धुकं पडतं की बोटी अडकून राहतात, एका दिवसाच्या ट्रिपला ते परवडत नाही, म्हणून माझं मत फेब्रुवारीला. एप्रिल-मे मध्ये उकाडा आणि संध्याकाळची वादळं, कालबैशाखी म्हणतात त्याला. मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे चक्रीवादळांचेही महिने, २००९ चं आयला, २०२० चं अम्फान, २०२१ चं यास, २०२४ चं रेमाल सगळी मे महिन्यातच आली होती, तेव्हा त्या काळात हवामान खात्याचा अंदाज बघितल्याशिवाय पैसे भरू नका. पावसाळ्यात काही महिने जंगल पर्यटकांना बंद असतं, आणि आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी तेही बुकिंगच्या आधी विचारून घ्या.

अजून एक, आपण मुंबई-पुण्याचे लोक हमखास विसरतो ते. तिथे सूर्य आपल्यापेक्षा तासभर लवकर मावळतो. डिसेंबरात पाचला सूर्यास्त. आणि जंगलाच्या हद्दीत अंधारात पर्यटकांच्या बोटींना फिरता येत नाही. म्हणजे तुमचा जंगलातला दिवस चार-साडेचारला संपला असंच धरून चाला.

टूरवाल्याला काय विचारायचं

कोलकात्यातून एक दिवसाची गाइडेड ट्रिप देणारे ढिगाने आहेत. गाडी, बोट, परमिट, गाइड, नाश्ता-जेवण सगळं एकत्र. एकट्या-दुकट्याने जुळवाजुळव करण्यापेक्षा एका दिवसासाठी हेच बरं पडतं, कारण बोट अख्खी घ्यावी लागते आणि तिचा खर्च दोघांत वाटून परवडत नाही. पण पैसे द्यायच्या आधी खालचं विचारा, आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या.

नेमके कोणते वॉचटॉवर? "तीन-चार" असं उत्तर आलं तर समजून जा. एका दिवसात सजनेखाली आणि सुधन्यखाली नीट होतात, पाणी साथ देत असेल तर सोबत पंचमुखानीकडे एक फेरी, म्हणजे पाच प्रवाह एकत्र येतात ती जागा. दोबांकी आणखी दक्षिणेला आहे, तिथला कॅनोपी वॉक, म्हणजे जाळीने बंदिस्त उंचावरचा चालायचा रस्ता, छान आहे पण तो धरला तर बाकी सगळं धावतपळत. नेतिधोपानीचं नाव एका दिवसाच्या ट्रिपमध्ये कोणी घेत असेल तर त्याला नमस्कार करा आणि दुसरा शोधा, ते लांब आहे आणि रोज ठराविकच बोटी सोडतात.

बोटीत माणसं किती? वर बसायला सावली आहे का, लाइफ जॅकेट सगळ्यांच्या मापाचे आहेत का, टॉयलेट आहे का आणि ते वापरण्यासारखं आहे का. बोटीवर स्पीकर लावतात का हे तर नक्की विचारा. पिकनिकच्या ग्रुपबरोबर अडकलात तर दिवसभर गाणी ऐकाल, जंगल नाही. शाकाहारी असाल तर आधी सांगा, आणि "निरामिष" हा शब्द वापरा, नाहीतर माशाचा रस्सा भाजी म्हणून ताटात येऊ शकतो.

गाइड वनखात्याकडचा अधिकृत हवा. तसा नियमच आहे, जंगलात शिरणाऱ्या प्रत्येक बोटीवर असा गाइड लागतो. गाइड बहुतेक आसपासच्या बेटांवरचेच असतात आणि काहींच्या घरचे लोक कधीकाळी मध गोळा करायला नाहीतर खेकडे पकडायला जंगलात जाणारे. त्यामुळे गाइड गप्प बसलेला दिसला तर तो कंटाळलाय असं समजू नका, तुम्ही प्रश्न विचारत नाही म्हणून गप्प आहे.

ओळखपत्र ओरिजिनल घ्या. परदेशी पासपोर्टवाले कोणी बरोबर असतील तर त्यांची परवानगी वेगळी असते, ते आधीच सांगून ठेवा.

गोदखालीपर्यंत

कोलकात्याहून गोदखाली साधारण शंभर किलोमीटर, बासंती हायवेने, पण वेळ तीन तास धरा, रस्त्यात बाजार, सायकली, व्हॅन सगळं लागतं. म्हणजे साडेआठला बोटीत बसायचं तर पाच-सव्वापाचला गाडी सुटली पाहिजे. टूरवाला सात म्हणाला तर भांडा. खरंच भांडा, कारण ते दोन तास तुम्हाला दिवसभर परत मिळत नाहीत.

स्वस्तात जायचं असेल तर सियालदह साउथवरून कॅनिंग लोकल, पंचेचाळीस किलोमीटर, सव्वा तासाच्या आसपास. पहाटे या लाइनवर कोलकात्याकडे येणाऱ्या गाड्या खच्चून भरलेल्या असतात, शहरात घरकामाला येणाऱ्या बायका सगळ्या याच गाडीने येतात, तुम्ही उलट्या दिशेने जाता म्हणून बसायला मिळतं. कॅनिंगहून पुढे शेअरिंगच्या गाड्यांनी गोदखाली, अजून तासभर तरी. काही टूरवाले कॅनिंग स्टेशनवरूनही पिकअप देतात, विचारून बघा.

कॅनिंग हे नाव गव्हर्नर जनरलचं. इंग्रजांना इथे मातला नदीवर कोलकात्याला पर्याय म्हणून बंदर उभारायचं होतं. हेन्री पिडिंग्टन नावाच्या माणसाने १८५३ मध्ये लिहून कळवलं होतं की इथे बांधू नका, एक दिवस वादळ येईल आणि समुद्र आत घुसेल. सायक्लोन हा शब्द इंग्रजीत आणणारा तो हाच. कोणी ऐकलं नाही, बंदर झालं, रेल्वे आली, आणि १८६७ च्या वादळात बंदर गेलं. रेल्वे मात्र राहिली, तीच आजची कॅनिंग लोकल. आणि मातला म्हणजे आपली "मातलेली"च हो, बंगालीतही तोच अर्थ. आज कॅनिंगजवळ ती नदी गाळाने इतकी भरलीय की ओहोटीला बघून नावावर विश्वास बसत नाही.

बोटीत बसल्यावर

गोदखालीला बोट कुठे लागेल हे पाण्यावर. भरतीला जेट्टीच्या वरच्या पायरीशी, ओहोटीला खाली शेवाळलेल्या पायऱ्या उतरून फळीवरून चढायचं. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर हीच सगळ्यात अवघड जागा, मागे पट्टा असलेल्या सँडल घाला, चपला नकोत, गुळगुळीत तळाचे बूट तर नकोतच. माझ्या मावशीचा एक पाय चिखलात पोटरीपर्यंत गेला होता, चप्पल अजून तिथेच असेल.

समोरचं बेट गोसाबा. डॅनियल हॅमिल्टन या स्कॉटिश जमीनदाराने १९०३ नंतर इथे वस्ती वसवून सहकारी तत्त्वावर शेती, पेढी, दुकान असं सगळं चालवायचा प्रयोग केला, १९३६ मध्ये स्वतःच्या एक रुपयाच्या नोटाही काढल्या. रवींद्रनाथ १९३२ च्या डिसेंबर अखेरीला इथे येऊन राहून गेले, ते लाकडी घर दाखवतात. बघण्यासारखं आहे, पण सकाळी नको. पाणी उतरत असताना बाजारात वेळ घालवायचा नाही. परतताना उजेड आणि वेळ उरला तर उतरा, नाहीतर सोडून द्या.

गोदखाली ते सजनेखाली प्रवाहाबरोबर दीड तास, प्रवाहाविरुद्ध दोन किंवा जास्त. या वाटेत डावी-उजवीकडे माणसांची बेटं दिसतात, भोवती मातीचे बांध. नीट बघितलंत तर भरतीच्या वेळी नदीचं पाणी बांधापलीकडच्या शेतापेक्षा वर असतं. बांध फुटला की खारं पाणी शेतात, मग काही वर्षं भात येत नाही. आयलानंतर कितीतरी घरातले पुरुष त्यामुळेच केरळ-तामिळनाडूकडे कामाला गेले. भारतातल्या सुंदरबनात १०२ बेटं, त्यातल्या ५४ वर वस्ती, बाकी जंगल. गाइडला विचारा आयलाच्या वेळी तुम्ही कुठे होता, त्यानंतर अर्धा तास तुम्हाला काही विचारावं लागणार नाही.

सजनेखालीला परमिटचे कागद होतात, त्याला वेळ लागतो, तेवढ्यात माहिती केंद्र बघून घ्या. तिथल्या तळ्यातली कासवं आवर्जून बघा, बाटागुर बास्का ही नदीतली जात जवळजवळ संपली होती, तिची पैदास इथे करतात. बनबीबीचं, म्हणजे जंगलाच्या देवीचं देऊळही आहे. जंगलात शिरणारा हिंदू असो की मुसलमान, तिला हात जोडल्याशिवाय जात नाही. तिच्या गोष्टीत दुखे नावाचा गरीब पोरगा आहे, त्याला त्याचाच काका मध-मेणाच्या लोभाने वाघाच्या रूपातल्या दक्षिणरायाला देऊन टाकतो आणि बनबीबी त्याला वाचवते. वाघाचं नाव जंगलात सहसा घेत नाहीत, मामा म्हणतात. आपल्याकडे वारल्यांचा वाघोबा आठवला मला.

बघायचं कुठे आणि कसं

वाघ दिसेल का? बहुतेक नाही. भारताच्या बाजूला शंभरच्या आसपास वाघ आहेत, पण जंगल बोटीतूनच बघायचं आणि काठापासून दोन पावलांवर झाडी बंद. वॉचटॉवरसमोर गोड्या पाण्याची तळी खणलेली आहेत, कारण आजूबाजूचं सगळं पाणी खारं, तिथे हरणं, रानडुकरं येतात, कधीतरी तोही येतो. सुधन्यखालीच्या टॉवरवर वीस मिनिटं गप्प बसा. बहुतेक ग्रुप सेल्फी काढून पाच मिनिटांत उतरतात, ते उतरले की मगच तिथे काही हलायला लागतं.

बोटीत असताना झाडांकडे नाही, चिखलाकडे बघा. पाण्याची रेष आणि झाडांची मुळं यांच्यामधला जो ओला पट्टा असतो त्यावर दिवसाचा सगळा हिशोब लिहिलेला असतो. मगर ओंडक्यासारखी पडलेली असते, चिखलाच्याच रंगाची, थंडीत उन्हाला हमखास. घोरपड चालत गेली की मध्ये शेपटीची रेघ आणि बाजूला नखं. हरणाचे खूर दोन टोकांचे. आणि वाघ पोहून जिथे काठाला लागला तिथे खोल, मोठे, सरळ पाण्यापासून झाडीत गेलेले पंजे. ते ताजे की शिळे हे गाइड भरतीच्या वेळेवरून सांगतो, आधीच्या भरतीने धुतले नाहीत म्हणजे त्यानंतरचे. हे ऐकल्यावर मला खरंच पाठीत गार वाटलं. निवट्या, म्हणजे चिखलावर येणारे छोटे मासे, तर असंख्य, आपल्या खाड्यांमध्ये असतात त्याच, उड्या मारत एकमेकांशी भांडत असतात, आणि एकच नांगी मोठी असलेले छोटे खेकडे.

माकडं दिसली की बोट थांबवायला सांगा. ती वर पानं तोडतात, खाली टाकतात, आणि ती खायला चितळ येतात.

झाडांची ओळख करून घ्या, नाहीतर सगळं एकच हिरवं दिसतं. आपला तिवर इथे बायन म्हणून भेटतो. जमिनीतून हजारो खुंट वर आलेले असतात ती श्वास घेणारी मुळं, चिखलात हवा नाही म्हणून. हेंताल नावाचा बुटका खजुरासारखा ताड, पानं पिवळट-हिरवी चट्ट्यापट्ट्यांची, वाघ त्यात लपला तर दिसत नाही म्हणतात ते उगाच नाही. गेवा नावाच्या झाडाचा चीक डोळ्यात गेला तर भयंकर, फांदीला हात लावू नका. आणि ज्या सुंदरी झाडावरून नाव पडलं असं सांगतात ते या बाजूला कमीच दिसतं. त्याला गोडं पाणी लागतं, आणि इथल्या मातला, बिद्याधरी यांचा गंगेशी वरचा सांधा कधीच तुटलाय, त्या आता समुद्राच्या पाण्यावरच वर-खाली होतात. सुंदरी बघायचं तर बांगलादेशच्या बाजूला जास्त.

खंड्याचे प्रकार मोजत बसा, तपकिरी पंखांचा, काळ्या डोक्याचा, पांढऱ्या गळपट्टीचा. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरते, बोट हलत असते त्यामुळे जास्त ताकदीची उलट त्रास देते. मोठ्या संगमांवर इरावदी डॉल्फिन दिसू शकतो, चोच नसलेलं गोल डोकं वर येतं आणि जातं, फोटोच्या नादाला लागू नका, मिळत नाही.

अरुंद खाडीत बोट न्यायला पाणी लागतं, पूर्ण ओहोटीला बोटवाला नाही म्हणाला तर हट्ट करू नका. गाळात बोट रुतली तर पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. हात पाण्यात सोडायचा नाही, टॉवर सोडून कुठेही उतरायचं नाही, प्लास्टिक खाली टाकायचं नाही. पिण्याचं पाणी मोठ्या बाटलीत घरून, म्हणजे हॉटेलवरून, भरून घ्या, टोपी आणि थंडीत सकाळसाठी वारा अडवणारं जॅकेट, वरच्या डेकवर चांगलंच गारठायला होतं. मोबाइलचं नेटवर्क गोसाबा सोडलं की येतं-जातं. रोख पैसे सुट्टे ठेवा, गाइडला आणि बोटीवरच्या स्वयंपाक्याला द्यायला लागतातच.

जेवण बोटीवरच शिजतं, भात, डाळ, बटाटा-भाजी, माशाचा झोल, कधी कोलंबी. ते साडेबारालाच घ्या असं सांगून ठेवा, कारण ताट हातात असताना नेमकी मगर दिसते, आणि पूर्ण ओहोटीची वेळ तुम्हाला मोकळ्या हाताने हवी.

परतीला

साडेतीनला तोंड वळवा. पाणी चढत असेल तर दीड तासात गोदखाली, आणि या वेळी उजेड तिरपा पडतो म्हणून फोटो याच वेळचे सगळ्यात चांगले येतात, कॅमेऱ्याची बॅटरी तोपर्यंत राखून ठेवा. गोदखालीला उतरलात की गाडीत बसायच्या आधी चहा घ्या आणि टॉयलेटला जाऊन या, रात्री साडेआठ-नऊच्या आत कोलकाता गाठाल असं समजू नका. त्याच रात्रीचं विमान किंवा हावड्याची गाडी तर अजिबात पकडायला जाऊ नका. एक रात्र वाढवता आली तर सजनेखालीसमोरच्या पाखिरालय गावात राहा, तिथे साधी लॉज आहेत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जंगलाच्या दारातच असता, तेव्हा दोबांकीही आरामात होतं.